सोताच्या मुळावरचा रस

कापगते काकाजींनी दिलेली द्राक्षाची काडी मी उलटी लावली.

म्हणजे शेंडा मातीत आणि बूड आभाळाकडे. काकाजींनी सांगितलं नव्हतं असं नाही. आमच्या अंगणात उभं राहून, काडी माझ्या नाकासमोर नाचवत त्यांनी बजावलं होतं, "हे पाह्य टिकिटबाबू, तिरपा काप वर, सरळ काप खाली. ध्यानात ठेवजो." मी ध्यानात ठेवलं. फक्त उलटं ठेवलं. त्यानंतर कितीतरी दिवस मी त्या काडीला रोज सकाळी तांब्याभर पाणी घालत होतो आणि बायकोला सांगत होतो, "आधी मुळं धरतात, मग पानं फुटतात. द्राक्षाचं शास्त्रच तसं आहे." ऊन तापायला लागलं तेव्हा वंदनानं एका सकाळी ती काडी उपटली आणि मिरचीच्या रोपाला टेकू म्हणून लावली. तिथं मात्र ती कामाला आली.

हा गुन्हा केवढा, हे कळायला आधी काकाजी कळले पाहिजेत.

डोमाजी कापगते. गोंदियाला लागून असलेल्या कुडव्यात आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात. पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. अंगानं वेलीसारखेच, पण मिशी भरघोस. खांद्यावर बारा महिने पांढरा दुपट्टा. कोणी भेटलं की आपण विचारतो, काय चाललंय? काकाजी विचारतात, "सोताच्या मुळावर हाय का?" हा प्रश्न ते आंब्याला विचारतात, नेत्याला विचारतात, चहालाही विचारतात. जगाची त्यांनी सरळ दोन भागांत वाटणी करून टाकली आहे. एक, सोताच्या मुळावरचे. दुसरे, कलमी.

केसांचा कलप म्हणजे कलम. पाकिटातलं आलं-लसूण, कलम. टीव्हीवर दक्षिणेतला सिनेमा हिंदीत लागला की काकाजी उठून जातात: "तोंड एकाचं, आवाज दुसऱ्याचा. कोण बोलून राहिला समजतच नाही." गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरनं वाटी बदलायला सांगितली, तर त्याला म्हणाले, "वरचा मी कापगते, खालचा कोण?" आणि चपला घालून घरी आले. मी तुमसरचा, नोकरी गोंदिया स्टेशनवर तिकीटखिडकीत, घर मात्र सासऱ्यांनी दिलेल्या प्लॉटवर. त्यामुळे माझं वर्गीकरण पहिल्याच भेटीत झालं. "तू तं पक्का कलम होय बे. शेंडा तुमसरचा, बूड सासऱ्याचं."

या सगळ्याचं मूळ त्यांच्या अंगणातल्या मांडवावर होतं.

नोकरीत काही वर्षं ते नाशिककडे होते. तिथल्या एका म्हाताऱ्या बागायतदाराकडे जुन्या काळ्या द्राक्षाच्या चार ओळी उरल्या होत्या, साध्या काडीपासून वाढवलेल्या. आजूबाजूच्या सगळ्या बागा कलमांवर गेलेल्या. द्राक्षाचं असं आहे की त्याच्या मुळांना खाणारी एक बारीक कीड आहे. तिनं एकेकाळी परदेशातले मळेच्या मळे उजाड केले. तेव्हापासून लोक चिवट अशा रानटी अमेरिकन द्राक्षाचं मूळ घेतात आणि त्यावर आपल्या चांगल्या द्राक्षाची काडी बांधतात. आपल्याकडे खारं पाणी आणि पाण्याची टंचाई, म्हणून तेच मूळ उपयोगी पडलं. यात वाईट काही नाही. पण त्या म्हाताऱ्याच्या चार ओळीही आता उपटल्या जाणार होत्या, आणि त्याआधी त्यानं काकाजींना पेलाभर वाईन पाजली.

"तेव्हापासून गेलो मी कामातून," असं काकाजी अभिमानानं सांगतात.

त्या बागेतली एक काडी ओल्या पोत्यात गुंडाळून त्यांनी रेल्वेनं गोंदियाला आणली. धानाच्या मुलुखात द्राक्ष! लोक हसले. काकाजी हसणाऱ्यांना सांगत, "आमच्या लोकांनं तलाव खोदले, तेव्हाही लोक हसलेच होते." ते तलाव बांधणाऱ्यांच्या घराण्यातले. सडक अर्जुनीकडच्या त्यांच्या गावी अजून तलावाची ती पाळ, म्हणजे बांध, आहे. वेल जगली, मांडवावर चढली, आणि चैत्राच्या सुमाराला तिला बोरांएवढाल्या काळ्या मण्यांचे घोस लागायला लागले. खायला आंबट, बिया मोठ्या. पण ती खायची नव्हतीच.

घमेल्यात मळून, बरणीत आंबवून, मलमलीच्या फडक्यातून गाळून काकाजी तिची वाईन करत. हा शब्द मात्र ते वापरत नसत. ते म्हणत, "म्हातारा रस". मोजक्या बाटल्या होत. त्या गार राहाव्यात म्हणून राइस मिलमधून आणलेल्या कोंड्याच्या पिंपात पुरून ठेवत. आमच्याकडे मोहाच्या दारूची थोरवी सगळ्यांना ठाऊक. एकानं विचारलंच, "काकाजी, हे चढते का?" काकाजी म्हणाले, "चढाले पाहिजे तं शिडी घे. हे बसून पियाचं हाय."

त्यांचा मुख्य मुद्दा असा: "कलमाच्या वेलीचं डोकं नाशिकचं, पाय अमेरिकेचे. मंग रस कोणाचा? थो दोघाच्या मधात अडकते. सोताच्या मुळावरचा रस सरळ येते, जिभेवर येऊन सरळ बोलते." चिली नावाच्या देशात ती कीड पोचली नाही आणि तिथं अजून पुष्कळ वेली स्वतःच्याच मुळावर आहेत, हे त्यांनी मोबाइलवर वाचलं होतं. तेव्हापासून चिलीचे लोक त्यांचे नातेवाईक झाले. तिथं भूकंप झाल्याची बातमी आली, त्या दिवशी काकाजी जेवले नाहीत.

दिवाळीनंतर आमच्याकडची मंडई, म्हणजे गावजत्रा, भरली, की पाहुणेरावळे आलेले असतात. त्या दिवशी पहिली बाटली उघडायची, हा नेम. मला पहिल्यांदा बोलावलं तेव्हा मी टीव्हीवर पाहिलेलं सगळं केलं. स्टीलचा पेला गोल फिरवला, नाकाशी नेला, डोळे मिटले, एक घोट जिभेखाली ठेवला आणि म्हणालो, "वा काकाजी! खाली मुळाची चव लागते. थेट जमिनीची."

काकाजींनी माझ्या पेल्यात डोकावून पाहिलं.

"हे जांभळाचं सरबत होय बे," काकाजी म्हणाले. "लेकरांसाठी केलं. रस अजून कोंड्यातच हाय."

पाहुण्यांतल्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. मग खरा रस आला. खरं सांगायचं तर तो मला तुरट आणि जरा रागीट लागला. पण घोट गेल्यावर बराच वेळ काहीतरी तोंडात रेंगाळत राहिलं, जसं एखादं माणूस निघून गेल्यावर त्याचं बोलणं रेंगाळतं. हे मी बोललो नाही. सरबतानंतर माझ्या मताला ओसरीवर किंमत उरली नव्हती.

काकीजी गेल्या त्या वर्षी काकाजींनी छाटणीच्या काड्या फेकल्या नाहीत. एरवी त्या चुलीत जात. मुलगा हैदराबादला, सून तिकडचीच. तेरवी आटोपून दोघं परत गेले, आणि दुसऱ्या दिवशी काकाजी काड्यांची मोळी घेऊन गल्लीत निघाले. ज्याच्या अंगणात हातभर माती, त्याच्या घरी एक काडी. वेल ही माय, काड्या तिच्या पोरी. "पोरगी देऊन राहिलो तुमच्या घरी," ते म्हणत, "नीट नांदवजा."

आणि पोरगी दिली म्हणजे बाप पाहायला येणारच. दर रविवारी सकाळी काकाजींची फेरी सुरू झाली. फाटक वाजायचं, हाक यायची, "नांदते का नाही माही पोरगी?" मग काडीपाशी उकिडवं बसून निरीक्षण, मग ओट्यावर चहा, मग पुढचं घर. कोणाकडे पोहे, कोणाकडे सुवारी, म्हणजे पुरी. गल्ली मोठी होती. पहिल्या पहिल्यांदा फेरी संपायला दुपार व्हायची.

पण गोंदियाची माती धानाची. आणि गल्लीतली माणसं आमच्यासारखी. एकाची काडी बकरीनं खाल्ली, एकानं तिथं पार्किंग केलं, एकाकडे फरशी बसली. पोरी एकेक करून गेल्या. काकाजी कोणाला बोलले नाहीत. त्या घरावरून जाताना फक्त चाल हळू करत.

अशात माझी काडी मिरचीला टेकू देत उभी. लावतानाच तिच्या वरच्या टोकाला मी शेण थापलं होतं, म्हणून आजवर रविवारच्या पाहणीत तो उलटा काप दिसला नव्हता. वंदनानं ती उपटली त्याच सुमाराला काकाजी आठवडाभर हैदराबादला नातवाच्या बारशाला गेले होते. ते परत आले की रविवारी येणार! मी नागपूरला कामानिमित्त गेलो होतो, तिथल्या नर्सरीतून द्राक्षाचं रोप उचललं. कलमाशिवाय त्यांच्याकडे काही नव्हतं. बुडाशी अंगठ्याएवढी गाठ होती, जिथं मूळ आणि काडी बांधतात ती. मी रोप लावलं आणि गाठ दिसू नये म्हणून तिच्यावर मातीचा ढीग घातला. वंदना कमरेवर हात ठेवून पाहत होती.

"हे चुकीचं आहे," ती म्हणाली.

"त्यांना वाईट वाटेल म्हणून करतोय."

"तुम्हाला त्यांची भीती वाटते म्हणून करताय."

रविवारी काकाजी आले. पानं फुटलेलं, गुडघ्याएवढं रोप पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मिशीवरून हात फिरवला.

"तुह्या हाताले यश हाय बे, टिकिटबाबू," ते म्हणाले. "अठवाड्यात गुडघाभर!"

मी मान खाली घालून नम्रपणे ते यश स्वीकारलं.

पुढं काय सांगू. वेल वाढली. पावसाळ्यात पन्हाळीचं पाणी पडून माती वाहून जायची आणि गाठ उघडी पडायची. मी घाबरून फावडं शोधायला लागायचो, तर दुसऱ्या दिवशी माती जागच्या जागी. वंदना सुधारली म्हणायची, असं मी मनात म्हणे. काकाजी आले की वेलीपाशी आमच्याकडे पाठ करून उभे राहत आणि पाय घासत राहत. गुडघा आखडत असेल बिचाऱ्यांचा, असं वाटून मी त्यांना खुर्ची नेऊन देई.

मग पहिले घोस लागले, आणि माझा जीव गोळा झाला. द्राक्षं हिरवी होती! लांबट, पाणीदार, फळवाल्याच्या गाडीवर असतात तशी चक्क हिरवी. मायच्या अंगावर काळे मणी आणि पोरगी अशी. रविवारी मी आजारी पडायचं ठरवलं, पण काकाजी बेडरूमपर्यंत आले असते.

त्यांनी घोस हातात धरला. उन्हाकडे करून पाहिला.

"जागा बदलली का रंग बदलते," ते म्हणाले. "माणसाचा नाही बदलत?"

"बदलतो ना," मी घाईनं म्हणालो.

"तुहा तं लय बदलला आता. पांढरा पडला. पाणी पी."

ते घोस त्यांनी नेले आणि मायच्या रसात घातले. मंडईच्या दिवशी मी पेला फिरवला नाही, डोळे मिटले नाहीत, गुपचूप प्यालो. काकाजींनी विचारलं, "कसा हाय?" मी म्हणालो, "सरळ." सोताच्या मुळावरचे दोन पेले रिचवून ते खूश होते आणि मी मनात म्हणत होतो, एवढा जाणकार माणूस, पण भोळा. आता हे लिहिताना त्या वाक्याची मला फार लाज वाटते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला. तो जुन्या रस्त्यापेक्षा वीतभर उंच, आणि काकाजींचं अंगण खाली. पाऊस पडला की पाणी आत यायचं ते जायचं नाही. ज्यांच्या पूर्वजांनी पाणी अडवून तलाव केले, त्यांना अंगणातलं पाणी घालवता येईना. काकाजींनी चर खणला, बादलीनं पाणी उपसलं, गुडघे दुखत असताना उपसलं. आम्हीही दोन-तीन रविवार गेलो. पण वेलीची मुळं आत गुदमरली होती. पानं पिवळी पडून गळाली. दिवाळीनंतर छाटणी केली, डोळे फुटेनात. काकाजींनी नखानं साल खरवडली. आत हिरवी नाही, तपकिरी. पुन्हा दुसरीकडे खरवडली.

"कलम असती तं जगली असती का हो?" मी विचारलं. जिभेला हाड नसतं ते असं.

"जगली असती," काकाजी म्हणाले. एवढंच.

त्या रविवारी ते आले नाहीत. वंदनानं सवयीनं तीन कप चहा टाकला होता. तिसरा कप ओट्यावर निवला.

पुढच्या रविवारी फाटक वाजलं. हाक नाही. काकाजी आत आले तेव्हा त्यांच्या एका हातात छाटणीची कात्री होती आणि दुसऱ्या हातात ओलं पोतं. मला सगळं समजलं. माय गेली होती, गल्लीतल्या पोरी गेल्या होत्या. उरली होती ती आमच्या घरची. ते तिची काडी न्यायला आले होते, पुन्हा मांडवावर चढवायला. म्हणजे नागपूरच्या कुठल्याशा नर्सरीतली हिरवी द्राक्षं ते आपल्या मायची समजून वाढवणार, उरलेलं आयुष्य तिच्यापाशी उकिडवं बसणार. आणि हे जगात फक्त मला आणि वंदनाला ठाऊक.

वंदना चहा घेऊन आली. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तुम्ही सांगता का मी सांगू?"

"काकाजी," मी म्हणालो, "ही ती नाही."

काकाजी चहा फुंकत होते.

"तुमची काडी मी उलटी लावली होती. ती मेली. ही नागपूरहून आणली. कलम आहे. बुडाशी गाठ आहे, मी माती टाकून लपवली." एका दमात बोललो. तिकीटखिडकीवर गाडी सुटायच्या वेळी बोलतो तसा.

काकाजींनी चहा पूर्ण संपवला. कप उपडा ठेवला.

"सांगाले लय टाइम लावला बे," ते म्हणाले.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"अबे, काडी अठवाड्यात गुडघाभर होते? काळ्याचे हिरवे होतात? मी म्हातारा झालो, आंधळा नाही झालो."

ते उठले, गुडघ्यावर हात देत वेलीपाशी बसले आणि बोटांनी माती उकरायला लागले. गाठ दिसली. त्यांनी गाठीच्या वरची माती हळूच बाजूला केली. तिथून, गाठीच्या वरच्या काडीतून, दोऱ्यांसारखी आणि मग सुतळीसारखी मुळं फुटून बाजूला जमिनीत गेली होती.

"गाठीवर माती राहिली का वरची काडी सोताचे मूळ सोडते. कलमवाले म्हनूनच गाठ मातीच्या वर ठेवतात. तुले माहीत नव्हतं म्हनून तू झाकली."

"पण माती तर वाहून जायची," वंदना म्हणाली. "मला वाटायचं, हे लोटतात."

"मला वाटायचं, तू लोटतेस," मी म्हणालो.

काकाजींनी आपल्या चपलेच्या अंगठ्याकडे पाहिलं. मग ती माती पुन्हा मुळांवर सारून, हातानं थापून बसवली. 

"पण तुम्ही बोललात का नाही?" मी अखेर विचारलं. "इतकी वर्षं? कलम म्हटलं की तुम्ही सिनेमा सोडून उठता."

"बोललो असतो तं तू लाजून उपटून फेकली असती," काकाजी म्हणाले. ते वेलीकडेच पाहत होते. "मंग मी रविवारी पाहाले कायले आलो असतो?"

गल्लीतून कोणाची तरी दुचाकी गेली. वंदना कप उचलून आत गेली आणि लगेच रिकाम्या हातानं परत आली. काय आणायला गेली होती, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"मायचा रस गेला आता," काकाजी म्हणाले. "कोंड्यात दोन बाटल्या हायेत, तेवढ्याच. हे हिरवी तशी होणार नाही. गोड होईन, पानचट होईन. पण दुसऱ्याची का असेना, नांदून तं राहिली." त्यांनी वर हात करून एक जाडजूड काडी निवडली, कात्रीनं खाली सरळ आणि वर तिरपी कापली, पोत्यात गुंडाळली आणि ते वंदनाकडे वळले. "हे आता जमिनीत लावली का सोताच्याच मुळावर. डोकं हेच, पाय हेच. चाल सूनबाई, माह्या आंगणात चाल. मातीचा उंच ओटा करून ठेवला मी, पाणी नाही लागत तिथं. तुह्या हातानं लाव. मंग दर रविवारी पाहाले येणं लागन तुले. चहा मी करीन."

"येईन ना," वंदना म्हणाली. तिचे डोळे भरले होते, त्यामुळे ती चपला शोधत राहिली.

मीही उठलो. पायात चप्पल सरकवली, हात पुसले, म्हटलं चला, निदान खड्डा तरी मी खणतो.

काकाजींनी काडी चटकन दुसऱ्या काखेत घेतली.

"तू फाटकातूनच पाह्यजो बे," ते म्हणाले. "तुही सावली पडली तं गोटाही वाळते."